दीडशे शब्द

मागच्या महिन्यात एका रात्री पावणेबाराला मावसभावाचा व्हॉइस मेसेज आला. दुबईत तेव्हा सव्वादहा वाजले असणार. मागे एसीची घरघर, त्याच्या मुलाचा कसलातरी हट्ट, आणि ह्याचा तो नेहमीचा घाईतला, वाक्यं अर्धी गिळणारा आवाज. "ताई, झोपली नाहीस ना? एक काम होतं. इथं मराठी उद्योजकांचा मेळावा आहे, त्यात माझा सत्कार करतायत. स्मरणिकेत परिचय छापायचाय. दीडशे शब्द. एआयकडून करून घेतला होता, पण त्यात मी मीच वाटत नाही गं, सिंगापूरचा कुणीतरी माणूस वाटतो. तूच लिही. तुला मी लहानपणापासून माहितीय." मग एक छोटासा ठसका आणि, "उद्यापर्यंत हं."

असले परिचय लिहिणं हा माझ्या पोटापाण्याचाच भाग आहे. डॉक्टर, बिल्डर, साखर कारखान्याचे संचालक, एक निवृत्त उपजिल्हाधिकारी. कितीतरी लोकांना मी "बहुआयामी व्यक्तिमत्त्व" करून दिलंय. चाळीस मिनिटांचं काम, चहा धरून. पण त्या रात्री फाइल उघडली, त्याचं नाव टाइप केलं, पुढे "हे" लिहिलं आणि थांबले. आमच्या ओट्यावर चढून, हात कोपरापर्यंत बरणीत घालून लोणचं खाणाऱ्या पोराला "हे" म्हणताना बोटं अडखळली, ते एक झालंच. पण खरी अडचण त्याच्या पुढच्या शब्दाची होती. हे कोण? त्याच्या कार्डावर सहा इंग्रजी शब्द आहेत, त्यातला एकही त्याच्या आईला सांगता येत नाही. मावशी विचारणाऱ्याला सांगते, "तो त्या बिटकॉइनवाल्यांच्या जाहिराती करतो." आणि लगेच, कुणी काही म्हणायच्या आत, "स्वतः विकत नाही हां काही."

फाइल तीन दिवस तशीच पडून होती.

त्याची सुरुवात सांगलीत एका फ्लेक्सच्या दुकानात झाली. इंजिनिअरिंगचे दोन विषय राहिलेले, घरी रोज कटकट, म्हणून हा दिवसभर त्या दुकानात. सॉल्व्हंट शाईचा तो डोक्यात जाणारा वास त्याच्या शर्टांना इतका मुरला होता की मावशी ते वेगळे भिजवायची. वाढदिवसाचे फ्लेक्स: मधे गॉगल लावलेले भावी नगरसेवक, मागे डरकाळी फोडणारा वाघ, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो. तो म्हणायचा, "ताई, मोठा फोटो कुणी बघत नाही. लोक खालचे छोटे फोटो मोजतात. चाळीस असले की माणूस मोठा." कोपऱ्यातली जागा भरायला एकदा त्यानं दुकानाच्या कॉम्प्युटरमधले जुन्या फ्लेक्सचे सात चेहरे उचलून लावले होते. त्यातला एक माणूस विरोधी पॅनलचा निघाला. मार बसता बसता राहिला. त्याची ही गोष्ट मी कितीतरी जणांना हसत हसत सांगितली आहे. हल्ली सांगताना हसू जरा उशिरा येतं.

फ्लेक्सवरून तो पुण्याला डिजिटल मार्केटिंगमध्ये आला. साड्यांची फेसबुक पेजं, क्लासेस, एक दाताचा दवाखाना. आणि २०१७ च्या दिवाळीत, हातात चकलीचा डबा घेऊन, माझ्याकडे कोथरूडला. त्या वर्षी जगभर कुणीही उठत होतं, एक व्हाइटपेपर, म्हणजे योजनेचं माहितीपत्रक, लिहीत होतं आणि आपलं टोकन, म्हणजे स्वतःचं डिजिटल नाणं, विकून पैसे उभे करत होतं. त्याला आयसीओ म्हणायचे. बिटकॉइन डिसेंबरात २० हजार डॉलरच्या जवळ जाणार होतं. ह्याला इंटरनेटवर काम मिळालं होतं बाउंटी मॅनेजरचं. म्हणजे कंपनीबद्दल पोस्ट टाकणारे, व्हिडिओ करणारे, तिचा व्हाइटपेपर आपापल्या भाषेत आणणारे असे शेकडो लोक जमवायचे, एका शीटमध्ये त्यांच्या वॉलेटचे, म्हणजे टोकनं ठेवायच्या डिजिटल पाकिटांचे, पत्ते लिहून ठेवायचे आणि विक्री संपली की प्रत्येकाला टोकनं वाटायची. रुपया कुणालाच नाही. "मराठीचा अनुवादक कुणीच नाहीये ताई. जागा मोकळी आहे." मी तेव्हा शब्दाला दीड रुपयानं एका बँकेची पत्रकं अनुवादित करत होते. हो म्हटलं.

अडतीस पानं होती. दातांच्या डॉक्टरांसाठी म्हणून काढलेलं टोकन. (खरंच. जगभरच्या दंतवैद्यांना आपसात द्यायला-घ्यायला स्वतंत्र नाणं का लागतं हे अडतिसाव्या पानापर्यंत मला कळलं नाही.) व्हाइटपेपरला मी श्वेतपत्रिका म्हटलं, तर त्याला वाटलं सरकारी घोटाळ्याची चौकशी निघाली. वॉलेटला पाकीट, मायनिंगला खाणकाम, स्मार्ट कॉन्ट्रॅक्टला चतुर करार. "शिल्लक टोकनं जाळली जातील" हे वाक्य मागून येऊन आईनं वाचलं आणि देवघराकडे बघत म्हणाली, "दिवाळीचं काय अभद्र लिहितेस?" ह्या सगळ्यातून मी निभावले. अडले ते 'ट्रस्टलेस' ह्या शब्दाशी. दर पानावर तो होता, आणि कौतुकानं होता. आमची यंत्रणा ट्रस्टलेस आहे हो! अविश्वासू म्हणावं तर शिवी होते. विश्वासहीन म्हणावं तर ती मोडलेल्या लग्नाची बातमी वाटते. शेवटी समजून घ्यायला म्हणून मूळ गंगोत्री उघडली, सातोशी नाकामोतो ह्या टोपणनावानं ३१ ऑक्टोबर २००८ ला आलेला बिटकॉइनचा लेख. अवघी नऊ पानं. फोटो नाही, संचालक मंडळ नाही, एकही विशेषण डोळ्यात भरत नाही. म्हणणं एवढंच, की पैसे द्यायघ्यायला मधल्या बँकेवर विश्वास टाकण्याऐवजी गणिताचा पुरावा वापरता येईल. नोंदवही (हीच ती ब्लॉकचेन) एकाच्या नाही तर सगळ्यांच्या हातात राहील, आणि झालेली नोंद मागे जाऊन खोडायची तर पुढची सगळी मेहनत पुन्हा करावी लागेल. वाचून मी खरोखर भारावले. रात्री दोन वाजता "विश्वासाची गरज नसलेली" असं लिहिलं, लांबलचक झालं, पण खरं वाटलं.

सकाळी त्यानं मजकूर वाचला आणि फोन केला. "ताई, हे 'विश्वासाची गरज नसलेली' काढ ना. लोक घाबरतील. 'विश्वासार्ह' कर."

मी केलं. अडतीस पानांत एकोणतीस ठिकाणी. फाइंड अँड रिप्लेस, चार सेकंद. त्याबद्दल मला चौदा हजार टोकनं मिळाली. शून्य-एक्सनं सुरू होणाऱ्या, बेचाळीस अक्षरांच्या एका पत्त्यावर ती आजही आहेत. नोंद खोडता येत नाही ना.

नंतर कळलं की ह्या धंद्याचं सगळं मर्म त्या चार सेकंदांत होतं. यंत्र म्हणतं, कुणाचंही तोंड बघू नका, हिशेब तपासा. पण हिशेब तपासणार कोण? तो कोडमध्ये लिहिलेला. शंभरातल्या नव्वदांना वाचता येत नाही. ते तोंडच बघणार. मग तोंडं पुरवायची, हा ह्याचा व्यवसाय. माझ्या वडिलांनी नव्वदच्या दशकात सागवानाच्या एका योजनेत पाच हजार घातले होते. जाडजूड गुळगुळीत पत्रक होतं, हिरवंगार झाड, आणि वीस वर्षांनी त्याचे किती लाख होणार ते. झाड कुणीच पाहिलं नव्हतं. पैसे घातले ते योजना घेऊन आलेल्या त्यांच्याच ऑफिसातल्या हेडक्लार्कवर विश्वास ठेवून. आईची भिशी मात्र तीस वर्षं चालली. तिथे एकीनं हप्ता चुकवला तर दुपारी चार वाजता बाकीच्या अकराजणी तिच्या दारात. पुरावा, पडताळणी, सगळं एका गल्लीत. हे मी त्याला एकदा सांगितलं तर म्हणाला, "भिशी म्हणजे ब्लॉकचेनच गं. वाह! हे वापरतो मी." आणि वापरलं. पुण्यातल्या एका कार्यक्रमात त्यानं ते स्टेजवरून सांगितल्याचा व्हिडिओ आहे. टाळ्या पडल्या. अकराजणी दारात येतात हा भाग त्यानं गाळला.

२०१८ नं त्याला झोडपून काढलं. जानेवारीत फेसबुकनं क्रिप्टोच्या जाहिराती बंद केल्या, मग ट्विटरनं, मग गुगलनं. ६ एप्रिलला रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं, बँकांनी ह्या व्यवहारांशी संबंध ठेवायचा नाही. त्याच एप्रिलात गेनबिटकॉइन प्रकरणात पुणे पोलिसांनी मुख्य सूत्रधाराला पकडलं. महिन्याला १० टक्के, तेही १८ महिने, असं आश्वासन होतं त्या योजनेचं. सांगलीत मावशीकडे लोक येऊन हळूच विचारायला लागले, "तुमचा तोच ना पुण्यात?" तो चिडायचा. "ते चोर होते. मी कुणाला एक टक्क्याचंही वचन देत नाही. एकही वाक्य दाखव." आणि खरंच दाखवता यायचं नाही. तो वचन देतच नसे. तो वातावरण तयार करायचा.

वातावरण कसं तयार होतं ते मी एकदा जवळून पाहिलं. २०२० च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते परिपत्रक रद्द केलं, मागोमाग लॉकडाऊन आला, घरी बसलेलं सगळं जग फोनमध्ये शिरलं आणि २०२१ मध्ये ह्याचं बाणेरला ऑफिस झालं. बावीस माणसं. एका संध्याकाळी त्याला डबा द्यायला गेले तर "बस ना, एएमए आहे" म्हणाला. आस्क मी एनीथिंग. टेलिग्रामवर एका नव्या कॉइनचा ग्रुप, बेचाळीस हजार मेंबर. साडेसहाला ग्रुप म्यूट केला. आता फक्त संस्थापक बोलणार आणि ठरलेले लोक प्रश्न विचारणार. प्रश्न एका डॉक्युमेंटमध्ये दुपारीच तयार होते, उत्तरांसकट. लातूरहून आलेली एक मुलगी, फार तर बावीसची, एका हाताने भेळ खात दुसऱ्या हातानं चार वेगवेगळ्या नावांनी ते टाकत होती. एक नाव नायजेरियातल्या माणसाचं, एक तुर्की बाईचं. "व्हेन लिस्टिंग, सर?" म्हणजे कॉइन बाजारात खरेदी-विक्रीला कधी येणार. मग म्यूट काढला आणि स्क्रीनवरून मेसेजांचा असा धबधबा सुटला की एकही वाचता येईना. रॉकेटं, आगीचे गोळे, लेट्स गो. मी विचारलं, हे बेचाळीस हजार लोक कुठून आले? तो माझ्या डब्यातली कोथिंबीर वडी उचलत म्हणाला, "छोटे फोटो." हजाराच्या भावानं मिळतात. खरी माणसं त्यात असतातच, पण ती हे छोटे फोटो बघून येतात. त्या मुलीनं डबीतली शेव माझ्यापुढे केली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही पण एक आयडी घ्या ना, मराठी कम्युनिटीला कुणीच नाहीये." चार वर्षांनी पुन्हा तीच मोकळी जागा.

मला राग आला का? खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मजा वाटली. बावीस पोरं, बहुतेक लातूर-सोलापूर-बीडची, पंचवीस-तीस हजार पगार वेळेवर, ऑफिसात कॅरम. कॅम्पसमध्ये कुणी न घेतलेली मुलं. ती एस्टोनिया आणि व्हिएतनामच्या माणसांशी निधड्या छातीनं तोडक्या इंग्रजीत भांडत होती. आणि सगळंच पोकळ होतं असंही नाही. २०१७ मध्ये मुंबईत मॅटिक म्हणून सुरू झालेलं पॉलिगॉन हे ब्लॉकचेनचं जाळं तोवर जगात नाव काढून होतं. २०२२ मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्लीत सुमारे ६५ हजार जातीचे दाखले पॉलिगॉनवर नोंदवण्याची बातमी आली, तेव्हा ह्यानं मला रात्री फोन करून ती वाचून दाखवली. खोटा दाखला काढता येणार नाही, खरा कुणाला नाकारता येणार नाही. त्याचा आवाज अगदी वेगळा लागला होता, बारावीच्या निकालाच्या दिवशीसारखा. "हे आहे ताई, हे! पण ह्याचं मार्केटिंग करायला कुणी पैसे देत नाही. ह्यात विकायला टोकन नाही ना."

त्याच्या फीचा अर्धा भाग डॉलरशी बांधलेल्या कॉइनमध्ये यायचा आणि अर्धा ज्याची जाहिरात करायची त्याच टोकनमध्ये, वर्षभर कुलूप लावून. कागदावर तो कोट्यधीश होता. २०२१ च्या शेवटी टी-ट्वेंटी विश्वचषकात दर ओव्हरला क्रिप्टोची जाहिरात लागायची. पुढच्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या सुपर बोल ह्या फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या वेळी कॉइनबेस ह्या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या कंपनीनं काळ्या पडद्यावर नुसता एक क्यूआर कोड साठ सेकंद तरंगत ठेवला आणि इतके लोक तुटून पडले की त्यांचं ॲपच बंद पडलं. तो व्हिडिओ ह्यानं ऑफिसात सगळ्यांना उभं करून दाखवला होता, ध्वजवंदनासारखा. १ एप्रिलपासून नफ्यावर ३० टक्के कर आला. जाहिरातीत "हे अनियंत्रित आहे, अतिशय जोखमीचं आहे, नुकसान झालं तर दाद मागायला जागा नसेल" असं निदान पाच सेकंद दाखवण्याचा नियमही त्याच दिवसापासून. ती पाच सेकंदं कशी मावतील ह्यावर त्यांच्या बैठका चालायच्या. मे महिन्यात ८० डॉलरच्या वरचं लुना हे कॉइन आठवड्याभरात मातीमोल झालं. नोव्हेंबरात एफटीएक्स ह्या क्रिप्टो एक्सचेंजचं दिवाळं वाजलं, मायामीच्या बास्केटबॉल स्टेडियमवर ज्यांचं नाव झळकत होतं ते. एवढा मोठा फ्लेक्स. ह्याच्या कुलपातल्या टोकनांची कुलपं ठरल्या तारखांना एकेक उघडत गेली आणि आत काहीच नव्हतं. फ्लॅट विकून त्यानं पोरांचे दोन महिन्यांचे पगार दिले. त्या लातूरच्या मुलीचा पगार द्यायला तो स्वतः तिच्या पीजीवर गेला होता, हे मला तिनं सांगितलं, त्यानं नाही.

आणि मग काका.

मावशीच्या गल्लीतले, एसटीतले निवृत्त कंडक्टर. ह्यानं कधीतरी एका क्लायंटच्या कॉइनचं पोस्टर व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवलं होतं. स्टेटसच फक्त. काकांनी नातवाकडून ॲप टाकून घेतलं आणि गुपचूप ५० हजार घातले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांना बेचाळीस हजारांचा ग्रुपही माहीत नव्हता. त्यांना एकच फोटो माहीत होता, ओट्यावर खेळताना पाहिलेल्या पोराचा. २०२२ च्या दिवाळीत हा घरी गेला तेव्हा काका अंगणात आले आणि काहीच बोलले नाहीत, पाडव्याचा फराळ खाल्ला, जाताना दारात म्हणाले, "तुझ्या त्या कॉइनचं काही वर-खाली होतं का रे अजून?" कॉइन तेव्हा चार महिन्यांपूर्वीच मेलं होतं. दुसऱ्या दिवशी ह्यानं मावशीकडून तीस आणि माझ्याकडून वीस असे हजार घेतले आणि काकांच्या घरी गेला. मी बरोबर होते. "काका, तुमचं मी वेळेत विकून टाकलं होतं. सांगायचं राहिलं. हे घ्या." काकांनी चष्मा लावला. नोटा उभ्या दुमडून कंडक्टरसारख्या बोटांच्या बेचक्यांत अडकवल्या आणि अंगठ्यानं सरसर दोनदा मोजल्या. मग चष्म्यावरून त्याच्याकडे बघत म्हणाले, "आणि वर काही?"

बाहेर आल्यावर आम्ही दोघं बोळात उभे राहून पोट धरून हसलो. ह्याच्या डोळ्यांत पाणी होतं. हसण्याचंच असावं असं मी धरून चालले.

पण गोष्ट तिथे थांबायला तयार नव्हती. काकांनी गल्लीत सांगितलं. पाराजवळ, दूध केंद्रावर, ज्येष्ठ नागरिकांच्या बाकावर. लोक उगीच बोंबा मारतात, माझे पैसे मुदलासकट परत आले, आपला मुलगा आहे त्यात. तीन महिन्यांत दोघांनी कुठल्याशा भलत्याच ॲपमध्ये पैसे घातले, ज्याचा ह्याच्याशी काही संबंध नव्हता. एक तर आमच्या मावशीची हळदीकुंकवाची मैत्रीण, शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली. तिचे ८० हजार गेले ते गेलेच. त्याच्या अख्ख्या कारकिर्दीत त्यानं केलेली सगळ्यात परिणामकारक जाहिरात ती पन्नास हजारांची होती, आणि ती त्यानं जाहिरात म्हणून केलीच नव्हती. हे त्याला कुणी सांगितलं मला माहीत नाही. मी नाही सांगितलं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तो दुबईला गेला. तिथे क्रिप्टोचा स्वतंत्र नियामक आहे, नफ्यावर आपल्यासारखा कर नाही. २०२४ च्या एप्रिलात तिथे विक्रमी पाऊस पडला आणि दोनच दिवसांनी मोठी क्रिप्टो परिषद होती, तेव्हा गुडघाभर पाण्यातून, सूट वर धरून चाललेल्या माणसांचे फोटो त्यानं पाठवले होते. खाली लिहिलं होतं, "सांगलीची आठवण आली."

चौथ्या दिवशी परिचय लिहिला. फ्लेक्सच्या दुकानापासून सुरुवात केली, शाईच्या वासासकट. बावीस मुलांचे पगार घातले. "हे" ठेवलं, स्मरणिका आहे. शेवटी एक वाक्य आपसूक आलं: "अडचणीच्या काळातही त्यांनी एका ज्येष्ठ गुंतवणूकदाराचे पैसे स्वतःच्या खिशातून परत केले." (वीस हजार माझे होते, पण दीडशे शब्दांत कुठे ते.) मोजले तर एकशे एकोणपन्नास शब्द. पाठवून दिलं.

दहा मिनिटांनी त्याचा मेसेज. "मस्त ताई. एकदम मीच. फक्त ते शेवटचं काढ. हॉलमध्ये दोनशे लोक असतील, कुणीतरी मागायला येईल."

काढलं. खाली दोन ओळींची जागा रिकामी राहिली, ती त्यानं विचारून घेतली. त्याला तिथे फोटो टाकायचे होते.